चिकटणारं पेप्टाइड आणि त्याचं न चिकटणारं भावंड

प्रकरण रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयातलं. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलीने प्रकल्पाचा विषय ठरवून आणला: पी-53 आणि एमडीएम-2 या दोन प्रथिनांची जोडी तोडणारं छोटं पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो आम्लांची आखूड साखळी, संगणकावर घडवायचं. शीर्षकात पुढे ‘मौखिक कर्करोगासाठी’ असंही लिहिलं होतं. मी सहमार्गदर्शक. हे दोन शब्द तिने शोभेला घातलेले नव्हते. मुलगी हर्णैची. आजी सकाळ-संध्याकाळ मिशरी लावणारी, बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात तंबाखूची पुडी, आणि गालाच्या आत न बरी होणारी जखम घेऊन मुंबईला गेलेलं कुणी ना कुणी ओळखीत असतंच. किनाऱ्यावरच्या गावांत अशी घरं शोधत फिरावं लागत नाही.

विषय मुळात चांगला होता. पी-53 हे प्रथिन 1979 साली सापडलं. पेशीच्या डीएनएला इजा झाली की ते जागं होतं; विभाजन थांबवतं, इजा फार असेल तर पेशीला मरायला लावतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत त्याचं जनुकच बिघडलेलं असतं. उरलेल्यांपैकी काहींत जनुक धडधाकट असतं, पण एमडीएम-2 नावाचं दुसरं प्रथिन प्रमाणाबाहेर बनतं, पी-53 ला पकडून ठेवतं आणि पेशीच्या कचरा-यंत्रणेकडे पाठवण्याची खूण त्याच्यावर मारतं. ही पकड सोडवली तर पी-53 पुन्हा कामाला लागेल, अशी ही कल्पना.

दोन प्रथिनं एकमेकांना टेकतात ती जागा बहुधा सपाट आणि पसरट असते. तिथे औषधाने बोट घालावं असा कोपराच सापडत नाही. ही जोडी त्याला अपवाद. 1996 साली या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली (प्रथिनांच्या सार्वजनिक संग्रहात ती 1वायसीआर या क्रमांकाने मिळते) आणि दिसलं ते असं: एमडीएम-2 च्या अंगावर एक खोल खाच आहे, पी-53 चा छोटा तुकडा तिथे हेलिक्सच्या, म्हणजे पीळ भरलेल्या आकारात बसतो आणि त्याची तीन ॲमिनो आम्लं खाचेत खोल उतरतात. 19 व्या जागचं फेनिलॲलनिन, 23 व्या जागचं ट्रिप्टोफॅन, 26 व्या जागचं ल्युसिन. तिन्ही हेलिक्सच्या एकाच अंगाला. 2004 मध्ये या तिघांची जागा घेणारे न्युटलिन नावाचे लहान रेणू आले. पेप्टाइडवाल्यांनी तोवर वेगळ्या वाटेने बरीच मजल मारली होती.

मुलीने 12 ॲमिनो आम्लांचं पेप्टाइड रचलं. ती तीन आम्लं जिथल्या तिथे ठेवली, मधल्या जागा बदलल्या, आणि डॉकिंगच्या, म्हणजे एक रेणू दुसऱ्यात कसा आणि किती घट्ट बसेल याचा अंदाज बांधून गुण देणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून काढून बघितलं. एक दिवस व्हरांड्यातूनच ओरडत आली, “मॅडम, आपलं मूळ पी-53 पेक्षा घट्ट बसतंय! स्कोअर बघा ना.”

स्कोअर खरंच चांगला होता. माझा प्रश्न त्या आकड्याबद्दल नव्हता. हे सॉफ्टवेअर ‘नाही’ कधी म्हणतं, हे मला हवं होतं. तोवर तिने त्याला दाखवलेली सगळी पेप्टाइडं तिला आवडलेली होती, आणि सॉफ्टवेअरलाही ती सगळी आवडली होती.

मग ठरलं की आधी उत्तरं माहीत असलेले प्रश्न विचारायचे. या जोडीवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इतकं काम झालंय की प्रयोगशाळेत मोजलेली पेप्टाइडं ढिगाने मिळतात. पी-53 चा 15 ते 29 हा मूळ तुकडा घेतला. त्याची पकड बेताची. 2009 साली फाज-डिस्प्लेतून (विषाणूंच्या अंगावर असंख्य पेप्टाइडं मांडून चिकटणारी निवडण्याच्या पद्धतीतून) निघालेलं पीएमआय घेतलं, म्हणजे एकेका आम्लाला एकेक अक्षर धरून टी-एस-एफ-ए-ई-वाय-डब्ल्यू-एन-एल-एल-एस-पी. याची पकड सुमारे 3 नॅनोमोलर (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट), मूळ तुकड्यापेक्षा कितीतरी घट्ट. त्याच पीएमआयमध्ये आठव्या जागचं ॲस्परजिन काढून ॲलनिन घातलेलं घेतलं. याची पकड आणखी वाढून अर्ध्या नॅनोमोलरच्या आसपास जाते. मूळ तुकड्यात 27 व्या जागचं प्रोलिन काढून सेरिन घातलेलं घेतलं. एवढ्या एका बदलाने पकड सुमारे 50 पट वाढते. आणि शेवटी, खाचेत उतरणारं फेनिलॲलनिन काढून तिथे ॲलनिन घातलेली पेप्टाइडं. ही बसायलाच नकोत.

फेनिलॲलनिन काढलेली सॉफ्टवेअरने बरोबर खाली टाकली. तिथे एक आख्खा खिसा रिकामा राहतो, ते त्याला दिसतं. बाकी ठिकाणी मात्र घोळ. प्रोलिनच्या जागी सेरिन आलेलं पेप्टाइड त्याच्या लेखी मूळ तुकड्यासारखंच होतं, फरक जेमतेम. आठव्या जागी ॲलनिन असलेलं तर त्याने पीएमआयच्या खाली लावलं, कारण ॲस्परजिन गेलं तसे मोजायचे अणूही कमी झाले. आणि मुलीचं पेप्टाइड या सगळ्यांच्या वर.

यादी वाचून ती गप्प झाली, मग म्हणाली, “म्हणजे मॅडम, याला एवढंच कळतंय की मोठं आहे की नाही.”

अगदी तेवढंच नाही, पण फार दूरही नाही. डॉकिंगची ही सॉफ्टवेअरं लहान औषधी रेणूंसाठी घडवलेली असतात. 12 ॲमिनो आम्लांच्या पेप्टाइडमध्ये वळू शकणारे बंध डझनांनी असतात, आणि जितके अणू जास्त तितका स्कोअर वाढायची खोड असते. पण खरी गोम निराळी आहे. डॉकिंग फक्त बसलेलं पेप्टाइड बघतं, बसण्यापूर्वीचं नाही. पाण्यात मोकळं असताना हे पेप्टाइड हेलिक्स नसतंच. आपल्याकडे म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे सुंभ शाबूत असतो आणि पीळच टिकत नाही. खाचेत बसायचं तर आधी पीळ भरावा लागतो, त्याची ऊर्जा पकडीतून वजा होते. प्रोलिन हेलिक्सला मोडता घालतं, म्हणून ते काढलं की हा खर्च कमी होतो. ॲलनिनला हेलिक्समध्ये बसायला मुळातच सोपं जातं. दोन्ही बदलांत खाचेशी होणारा स्पर्श फारसा वाढत नाही, तरी पकड वाढते. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली मद्रासमध्ये पेप्टाइडच्या कण्याला कुठले कोन परवडतात याचा नकाशा काढला, तो आपली मुलं दुसऱ्या सत्रात पाठ करतात. तो इथे वापरायचा असतो हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

इथे मुलीने चांगला प्रश्न काढला. एका प्रोलिनने पकड 50 पट ढिली होत असेल, तर निसर्गाने ते तिथे ठेवलंच कशाला? कारण पेशीला ती पकड सुटायला हवी असते. डीएनएला इजा झाली की पी-53 च्या 18 व्या जागच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसतं आणि एमडीएम-2 चा हात सैलावतो. जोडी कायमची घट्ट असती तर ही कळ दाबून उपयोगच झाला नसता. म्हणजे मूळ तुकडा हा पेप्टाइड घडवणाऱ्याचा आदर्श नव्हेच. त्याच्याहून चांगलं बसणं ही फार मोठी कमाई नाही. हे कळल्यावर तिच्या पहिल्या स्कोअरची झिंग बरीच उतरली.

मग मोकळ्या पेप्टाइडचं सिम्युलेशन लावलं: पाण्यात सोडायचं आणि किती वेळ पीळ धरून राहतं ते बघायचं. विभागात ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक एकच, आणि महिना जुलै. लाइट जायची, इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरायचा, मग सगळं बंद. ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर दर पंधरा मिनिटांनी आपली स्थिती जपून ठेवतं, म्हणून काम पुढे सरकलं. निकालात तिच्या पेप्टाइडची शेपटीकडची बाजू सारखी सुटत होती. तिने तिथे ग्लायसिन ठेवलं होतं, ‘लवचिक राहू दे’ म्हणून. ग्लायसिन काढून ॲलनिन घातलं. डॉकिंगचा स्कोअर किंचित घसरला आणि आम्ही तो घसरू दिला.

एवढं होईपर्यंत शीर्षकातल्या त्या दोन शब्दांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्रस्तावाच्या उत्तरार्धात पेशींवरची चाचणी होती, ती नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत व्हायची होती, आणि तिथल्या बाईंनी प्रस्ताव वाचून एकच ओळ पाठवली: पेशी कुठल्या वापरणार? उत्तर तयार होतं. काल-27, जिभेच्या कर्करोगातून काढलेल्या पेशी, तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांच्या नेहमीच्या वापरातल्या. बाईंचा फोन आला. काल-27 मधलं पी-53 बिघडलेलं आहे. 193 व्या जागी हिस्टिडिनऐवजी ल्युसिन. ते सोडवून काय करणार?

या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. मिशरी, गुटखा, विडी यांच्याशी जोडलेल्या, एचपीव्ही विषाणूचा हात नसलेल्या तोंडाच्या कर्करोगांत बहुतेक वेळा पी-53 चं जनुकच मोडलेलं असतं. मोडलेल्या पी-53 ला एमडीएम-2 च्या तावडीतून सोडवलं तरी ते काम करणार नाही. ज्या रोगासाठी मुलीने विषय घेतला, त्याच रोगात हा उपाय बहुधा लागू पडणार नव्हता. तो लागू पडण्याची शक्यता आहे ती पी-53 धडधाकट आणि एमडीएम-2 जास्त असलेल्या ठिकाणी: उदाहरणार्थ लायपोसार्कोमाचे, म्हणजे चरबीच्या ऊतीतल्या कर्करोगाचे, काही प्रकार, ज्यांत एमडीएम-2 च्या जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या असतात, किंवा प्रयोगशाळेतल्या एसजेएसए-1 या हाडाच्या सार्कोमाच्या पेशी.

तिला वाईट वाटलं, आणि ते वाटणारच. तिने विचारलं, मग काल-27 प्रस्तावातून काढूनच टाकायच्या का? बाई म्हणाल्या, नको, त्याच ठेवा, फक्त त्यांचं काम बदला. त्या पेशी पेप्टाइडने मरायला नकोत. मेल्या, तर पेप्टाइड पी-53 च्या वाटेने मारत नाहीये, दुसरंच काहीतरी करतंय. आधीच्या प्रस्तावात काल-27 मेल्या असत्या तर ते यश म्हणून छापलं गेलं असतं आणि तोंडी परीक्षेत टाळ्याही मिळाल्या असत्या.

दुसरंच काहीतरी म्हणजे काय, तेही साधं आहे. एका अंगाला तेलकट आणि दुसऱ्या अंगाला पाण्याशी सलगी करणारी आम्लं असलेलं हेलिक्स पेशीच्या पडद्यात घुसून त्याला भोकं पाडू शकतं. मात्रा पुरेशी वाढवली की पेशी फुटते, मग तिच्यात पी-53 असो वा नसो. ओळखायची खूण वेळ. फुटलेल्या पेशीतून एलडीएच हे विकर तासाभरात बाहेर सांडलेलं मिळतं. पी-53 च्या मार्गाने मरायला पेशीला बराच जास्त वेळ लागतो आणि मधे पी-53 च्या हुकमाने बनणारी पी-21 सारखी प्रथिनं वाढलेली दिसतात. शिवाय ही चाचणी सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) न घालता केली तर फसायची शक्यता वाढते, कारण सिरममधली प्रथिनं पेप्टाइडला धरून ठेवतात आणि सिरम नसलं की सगळं पेप्टाइड पेशीवर तुटून पडतं. रोग्याच्या रक्तात सिरम असतंच.

आणि अजून मधला डोंगर ओलांडायचाच होता: साधं पेप्टाइड पेशीत शिरत नाही. पीएमआयची पकड इतकी घट्ट, तरी नुसतं पीएमआय कर्करोगाच्या पेशींवर ओतून त्या मरत नाहीत. बाहेरच राहतं, आणि प्रथिनं तोडणारी विकरं त्याचा फडशा पाडतात. यावर निघालेला एक तोडगा म्हणजे स्टेपलिंग. 2000 साली हार्वर्डमध्ये ग्रेगरी व्हर्डाइन यांच्या गटाने हेलिक्सच्या दोन वळणांना कर्ब-साखळीने जोडून पीळ पक्का करण्याची पद्धत मांडली. साखळी जुळते ती ग्रब्ज यांच्या रुथेनियम उत्प्रेरकाने, ज्या रसायनाला 2005 चं नोबेल मिळालं. हेलिक्सचा एक फेरा 3.6 आम्लांचा, म्हणून टाचणीचं दुसरं टोक पहिल्यापासून चौथ्या किंवा सातव्या जागी मारतात, आणि खाचेत उतरणाऱ्या तिघांना धक्का लागू देत नाहीत. पी-53 वर ती 20 आणि 27 या जागांवर चांगली बसली. 27 म्हणजे तेच, प्रोलिन होतं ते ठिकाण.

नुसती टाचणी मारूनही भागलं नाही. पी-53 च्या तुकड्यावर ऋण भार जास्त, आणि पहिली स्टेपल केलेली पेप्टाइडं पेशीबाहेरच राहिली. ॲस्पार्टेट-ग्लुटामेट या ऋण भाराच्या आम्लांच्या जागी भार नसलेली भावंडं घातल्यावर ती आत गेली. हे काम 2007 मधलं. 2013 मध्ये एटीएसपी-7041 हे सुधारलेलं स्टेपल पेप्टाइड आलं, त्याच्या वंशातलं एएलआरएन-6924 माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलं. पहिल्या टप्प्याचे निकाल 2021 साली प्रसिद्ध झाले. 71 रुग्ण, मोजक्यांत गाठ आकसली, काहींत वाढ थांबून राहिली. औषध म्हणून मान्यता मिळण्यापर्यंत ते गेलं नाही. 1996 च्या चित्रापासून तिथवर पाव शतक. हे मी मुलीला सांगितलं ते हिरमोड करायला नव्हे. एका वर्षाच्या प्रकल्पात नेमका कुठला घास घ्यायचा, ते ठरवायचं होतं.

स्टेपलसाठी लागणारी खास ॲमिनो आम्लं महाग, आपल्या अनुदानात बसणारी नव्हेत. म्हणून पेशींचा भाग या वर्षापुरता काढला आणि फक्त पकड मोजायची ठरली, नवी मुंबईतच, फ्लुरोसन्स पोलरायझेशनने, म्हणजे चमकणारी खूण लावलेला रेणू प्रथिनाला चिकटला की मोकळा आहे ते प्रकाशावरून ओळखून. साधं पेप्टाइड पेशींवर ओतून काही दिसलं असतं तरी त्यावर विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं, तेव्हा त्यात गमावलं काहीच नाही. शीर्षकातून ‘मौखिक कर्करोगासाठी’ गेलं. प्रस्तावनेत मात्र तिने एक परिच्छेद घातला: तोंडाच्या कर्करोगात ही वाट बहुधा का बंद आहे. तो परिच्छेद सगळ्या प्रबंधात उत्तम उतरलाय.

विकत घ्यायची तीन पेप्टाइडं ठरली. एक तिचं. दुसरं पीएमआय, मोजपट्टी म्हणून. त्याचं माप जगाने काढलेल्या मापाशी जुळलं नाही तर आपल्या चाचणीतच खोट. तिसरं तिच्याच पेप्टाइडचं भावंड, फक्त फेनिलॲलनिनच्या जागी ॲलनिन.

तिसऱ्यावर बरीच चर्चा झाली. पुष्कळ जण अशा वेळी तीच आम्लं उलटसुलट पिसून ‘स्क्रॅम्बल्ड’ पेप्टाइड घेतात. पिसलेल्याचा तेलकट चेहराच विस्कटतो, त्यामुळे ते कुठेच चिकटत नाही आणि आपलं पेप्टाइड उगाच उजळून दिसतं. एका आम्लाचा फरक असलेलं भावंड तसं सोडत नाही. पुढेमागे पेशींवर काम झालंच, तर पडदा फोडायची खोड दोघांत जवळपास सारखी असेल, खाचेत बसायची ताकद मात्र एकातच. मग ट्रिप्टोफॅन का नाही काढायचं? त्याला व्यवहारी कारण आहे. पेप्टाइडची कुपी येते तेव्हा लेबलावर 1 मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी आत सगळं पेप्टाइड नसतं. क्षार असतो, ओल असते. म्हणून द्रावण करून 280 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो त्यावरून खरी मात्रा काढतात. तिथे शोषतात ते ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन. फेनिलॲलनिन जवळजवळ नाहीच. फेनिलॲलनिन काढलेलं भावंड त्यामुळे अगदी त्याच मापाने मोजता येतं. ट्रिप्टोफॅन काढलं असतं तर दोन कुप्यांची तुलना करायलाच निराळी तऱ्हा लागली असती.

ओलीचं कोकणात विशेष बघावं लागतं. पावसाळ्यात जिथे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तिथे सुकवलेल्या पेप्टाइडची थंडगार कुपी फ्रीजमधून काढून लगेच उघडली की हवेतलं बाष्प आतल्या भुकटीवर बसलंच म्हणून समजा. कुपी आधी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण काढायचं. हे तिने कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवलंय. मागणीपत्रात आणखी एक ओळ तिने स्वतःहून घातली: पेप्टाइड बनवताना त्याला चिकटून येणारं ट्रायफ्लुरोॲसिटेट काढून ॲसिटेट क्षाराच्या रूपात द्यावं. पकड मोजायला त्याची फार गरज नव्हती, पण तीच कुपी कधी पेशींकडे गेली तर ट्रायफ्लुरोॲसिटेट स्वतःच गडबड करू शकतं.

मागणीपत्र लेखा विभागात गेलं आणि आठवडाभराने शेरा मारून परत आलं. अनुक्रमांक 3 च्या वर्णनात ‘हे पेप्टाइड लक्ष्य प्रथिनाला बांधणार नाही अशी अपेक्षा’ असं लिहिलेलं दिसतं. उपयोग होणार नाही हे आधीच माहीत असलेल्या वस्तूची खरेदी कशी समर्थनीय ठरते, ते कळवावं. प्रश्न त्यांच्या बाजूने रास्तच आहे. मुलीने उत्तर स्वतः लिहिलं, चार ओळींचं: अनुक्रमांक 1 बांधलं आणि 3 बांधलं नाही, तरच 1 खाचेत बसलं असं म्हणता येईल, दोन्ही बांधली तर 1 चा निकाल प्रबंधात यश म्हणून लिहिला जाणार नाही, म्हणून 3 शिवाय 1 विकत घेऊ नये. खाली माझी सही.

खरेदी मंजूर झाली. आता अनुक्रमांक 3 साठी स्वतंत्र तीन दरपत्रकं मागितली आहेत.